बाथरूम फोडायच्या आधी: मिस्त्रीचं ऐकावं कसं, पैसे द्यावेत कसे

"ताई, एवढ्या मोठ्या टाइलला ढाळ बसत नसतो. एक बाय एकची घ्या," मिस्त्री म्हणाले. मी मात्र दोन बाय चार फुटांची, राखाडी, सिमेंटसारखी दिसणारी टाइल आधीच पसंत करून विसार देऊन आले होते. आमचं बाथरूम साडेचार बाय सात. दुकानात ती टाइल भिंतीला टेकवून उभी होती, वरून पिवळा दिवा सोडलेला, आणि आसपास पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, "बसवा हो, होतंय." त्यांनी एकदा टाइलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बसवली. पुढे रोज आंघोळीनंतर कमोडपाशी कपभर पाणी साचायचं. दोन महिन्यांत तिथे शेवाळी पट्टा उमटला. त्या पट्ट्याकडे बघत दात घासताना मला जे सुचत गेलं, ते इथे लिहितेय.

पहिल्यांदाच जुना फ्लॅट घेतलेल्या किंवा आईवडिलांचं घर दुरुस्तीला काढलेल्या माणसांसाठी हे आहे. उदाहरण बाथरूमचंच घेतलंय, कारण घरातले बहुतेक सगळे कारागीर त्या एका खोलीत एकत्र येतात, आणि तिथली चूक आपल्याआधी खालच्या मजल्यावरच्यांना दिसते.

पायरी १: दुकानात जाण्याआधी मिस्त्रीला घर दाखवा

बहुतेक जण उलट करतात. आधी फोटो जमवतात, मग टाइलच्या दुकानात दोन रविवार घालवतात, आणि शेवटी मिस्त्रीला बोलावून म्हणतात, "हे असं करायचंय, किती घ्याल?" म्हणजे सल्ला द्यायला जागाच उरत नाही. त्याने नाही म्हटलं तर काम जाणार, हो म्हटलं तर पाणी साचणार.

आधी रिकाम्या हाताने बोलवा आणि त्याला बघू द्या. चांगला मिस्त्री लगेच दर सांगत नाही. तो थापीच्या मुठीने फरशी ठोकत फिरतो. पोकळ आवाज आला की तिथे थांबतो. नहाणीची, म्हणजे पाणी जायच्या भोकाची, जाळी उचलून आत बघतो. खाली कोण राहतं, त्यांच्या छताला ओल आहे का, डक्ट (पाइप उतरतात ती उभी मोकळी जागा) कुठल्या बाजूला आहे, इमारत कधीची, हे विचारतो. या प्रश्नांना "ते तुम्हाला कशाला?" असं उत्तर देऊ नका. तुम्हालाही ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून खाली जा आणि बेल वाजवा. आमच्याकडे खालच्या काकूंनी छतावरचा तपकिरी डाग दाखवला आणि कामाची अर्धी दिशा तिथेच ठरली: वरवर टाइल बदलून भागणार नव्हतं, स्लॅबपर्यंत फोडायला लागणार होतं.

त्या पहिल्या भेटीत मी हल्ली दोनच प्रश्न विचारते. "हे तुमच्या घरी करायचं असतं तर कसं केलं असतं?" आणि "यात पुढे काय बिघडू शकतं?" विचारून झालं की गप्प बसायचं. पहिल्या दोन वाक्यांत माणूस तुम्हाला आवडेल ते सांगतो, खरं तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येतं.

आणि भेटीचे पैसे द्या. वायरमनने तासभर बोर्ड उघडून कुठली लाइन कुठे जाते ते शोधून दिलं, तर ते कामच झालं. पुढचं काम त्याला द्यायचं की नाही हे तुम्ही नंतर ठरवा, पण "नुसतं बघायला आला होता" म्हणून चहावर बोळवण करू नका. डॉक्टरने नाडी बघितली आणि गोळी दिली नाही, तरी आपण फी देतोच.

पायरी २: कोण काय करतं, कुठल्या क्रमाने करतं

गवंडीकाम करणारा मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा बिगारी ही मुख्य जोडी. फरशीवाला बऱ्याचदा वेगळा असतो. प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी हे सगळे आपापल्या वेळेला येतात. क्रम साधारण असा: तोडफोड, भिंतीत झिरी मारून पाइप आणि वायरच्या नळ्या टाकणं, पाइपमध्ये दाब देऊन गळती तपासणं, वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून चाचणी, ढाळ देऊन कोबा, टाइल, सांधे भरणं, नळ-कमोड-आरसा, आणि सगळ्यात शेवटी रंग. यातला एक जण दुसऱ्याच्या आधी घुसला की दोघांचंही काम फुकट जातं. म्हणून तारखा तुम्ही एकट्याने ठरवू नका. मिस्त्री आणि प्लंबर यांना एकदा समोरासमोर उभं करा, त्यांच्या तारखा तेच ठरवतात.

सोसायटीला पत्र, कामाच्या वेळा, राडारोडा कुठे ठेवायचा आणि लिफ्ट वापरता येईल का, हे आधी लेखी विचारून घ्या. लिफ्ट बंद असेल तर सिमेंटचं ५० किलोचं पोतं कोणीतरी पाठीवरून वर आणणार आहे. तो दर वेगळा असतो आणि वेगळाच असायला हवा.

पायरी ३: कुठे आपली आवड चालते आणि कुठे नाही

माझा साधा नियम: जे डोळ्याला दिसतं ते तुमचं, जे फरशीखाली आणि भिंतीत जातं ते त्यांचं. रंग, नक्षी, नळाचा आकार, आरशाची उंची यावर मिस्त्रीने मत दिलं तरी तुम्ही तुमचंच करा. पण खालच्या गोष्टींवर तो अडून बसला, तर त्याला अडू द्या.

ढाळ. पाणी चारही बाजूंनी नहाणीकडे यायचं, तर जमीन अगदी उथळ ताटलीसारखी व्हावी लागते. सात फुटांना साधारण एक इंच उतार लागतो. टाइल काही वाकत नाही; जमीन जी वळते ती सांध्यावर वळते. एक बाय एकची टाइल असेल तर सांधे भरपूर, त्यामुळे ढाळ हवा तसा देता येतो. दोन बाय चारची टाइल म्हणजे सपाट पाटच. तिला नहाणीकडे वळवायचं तर तिरकी कापून चार तुकडे करावे लागतात, आणि मग ज्या अखंड दिसण्यासाठी ती घेतली तेच जातं. हे सगळं मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. त्या वाक्याचा अर्थ मला शेवाळाने समजावला.

चिकटवणं. जुनी सिरॅमिक टाइल पाणी पिते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसवली की धरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटची पकड तिच्यावर बसत नाही. मिस्त्री "केमिकल (टाइल चिकटवायचा तयार मसाला) लागेल, पोती वाढतील" म्हणाला, तर तो तुम्हाला लुबाडत नाहीये. तुम्ही घेतलेल्या टाइललाच ते लागतं.

पाणी साठवणं. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घाईत सगळ्यात आधी हिलाच कात्री लागते. स्लॅब झाडून-धुऊन, पाइपभोवतीच्या फटी भरून, वॉटरप्रूफिंगच्या कोटिंगचे आडवे-उभे दोन हात द्यायचे. हे कोटिंग भिंतीवरही किमान फूटभर चढलं पाहिजे, शॉवरपाशी त्याहून वर. वाळल्यावर नहाणीला बूच मारायचं, उंबऱ्याला बांध घालायचा, पाणी भरायचं आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करायची. कमीत कमी ४८ तास, जमलं तर ७२. रोज खाली जाऊन छत बघायचं. हवेने थोडं पाणी उडतं, पण खूण बोटभर खाली गेली असेल तर गळती आहे. ती याच टप्प्यावर सापडली तर दिवसभराचं काम, टाइल बसल्यावर सापडली तर सगळं पहिल्यापासून.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका कुटुंबाने ही चाचणी गाळली, कारण शनिवारी पाहुणे येणार होते. नंतर फोडलं तेव्हा जमिनीवर कोटिंग नीट होतं, फक्त ते भिंतीवर वळवलेलं नव्हतं. काटकोनातल्या त्या बोटभर फटीतून पाणी खाली जात होतं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे टॉयलेट, सिंक यांची आतली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे खालच्यांचं छतसुद्धा त्या कुटुंबालाच रंगवून द्यावं लागलं.

वायर. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीचची, गिझर आणि एसीला चारची, हे वायरमनचे रोजचे आकडे. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३,००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३. त्याला बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी असं वायरमन म्हणाला, तर "जुनी लाइन आहे ना" म्हणून वाद घालू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा म्हणाला तर बसवाच. करंट गळायला लागला की वीज तोडतो तो हा. नुसता एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, ते करत नाही. आणि हे काम परवाना असलेल्याकडूनच करून घ्या.

प्लाय आणि रंग यांचं थोडक्यात सांगते. बेसिनखालच्या कपाटाला सुतार ७१० मार्काचा, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय मागतो, आपण ३०३ मार्काच्या साध्या प्लायमध्ये भागवू बघतो, आणि तीन वर्षांत दाराची खालची कड फुगते. रंगारी "भिंत ओली आहे, थांबा" म्हणाला की थांबायचं. दिवाळी जवळ आली म्हणून भिंत लवकर वाळत नाही.

आता दुसरी बाजू. मिस्त्री म्हणतो ते सगळंच बरोबर असतं, असं माझं म्हणणं नाही. "चालतंय हो, सगळीकडे असंच करतात" हे काही कारण झालं नाही. कारण विचारल्यावर चिडणारा, पाणी साठवायला नको म्हणणारा, सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारायचं असतं हे हसण्यावारी नेणारा, अशांना नमस्कार करून निरोप द्यावा. आणि बीम, कॉलम किंवा भिंत पाडायची गोष्ट निघाली, तर मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी तो प्रश्न त्याचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आणि सोसायटीचा आहे. "ही भिंत मी काढत नाही, इंजिनिअर आणा" असं स्वतःहून म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा.

पायरी ४: दर समजून घ्या, मग बोला

काम दोन तऱ्हांनी दिलं जातं. हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या मजुरीने. किंवा उक्तं, म्हणजे ठरलेल्या रकमेत पूर्ण काम. हजेरीत काम रेंगाळेल अशी भीती तुम्हाला असते, उक्त्यात आत काय निघेल याची भीती त्याला. जुनं बाथरूम फोडताना मला मधला मार्ग बरा वाटतो: तोडफोड आणि आतलं शोधकाम हजेरीवर, बाकीचं उक्तं. प्लास्टरसारख्या कामात "ब्रास" हा शब्द येईल, तिथे ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीचा ब्रास निराळा, तो १०० घनफुटांचा. सुतार फूट सांगेल तेव्हा चौरस की रनिंग, हे विचारून घ्या. इथे लाजून मान डोलावली की शेवटच्या दिवशी भांडण ठरलेलंच.

आता माझ्या कालनिर्णयच्या पानाची गोष्ट. २०२२ साली मला फक्त मजुरीचे दोन आकडे मिळाले होते, ४६,००० आणि ३८,०००. मला ४६ वाले मिस्त्री आवडले होते, पण डोक्यात ३८ होतं. म्हटलं, "दुसरे ३८ मध्ये करतायत, तुम्हीही करा." ते रागावले नाहीत. स्वयंपाकघरात टांगलेल्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहायला लागले. स्वतःची हजेरी १,१००, बिगारीची ७००, दोघांचे मिळून दिवसाला १,८००. काम १४ दिवसांचं, म्हणजे २५,२००. प्लंबरला द्यायचे ९,०००. राडारोड्याचा टेंपो ३,५००. बेरीज ३७,७००. पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "३८ मध्ये तीनशे रुपये उरतेत बघा. मशीनचं पातं घ्यायचं का पेट्रोल टाकायचं, तुम्हीच सांगा."

उरलेल्या ८,३०० मध्ये काय काय होतं तेही त्यांनी सांगितलं: कटरची पाती, ड्रिलची दुरुस्ती, गाडीचं पेट्रोल, मला फोनवर दिलेले सल्ले, आणि सहा महिन्यांनी मी "जरा येऊन बघता का" म्हणेन तेव्हाची चक्कर. नोकरदार माणूस ज्याला सुट्टी, पीएफ आणि आजारपणाची रजा म्हणतो, ते सगळं त्याच आकड्यात. मग मी विचारलं, "ते दुसरे ३८ मध्ये कसे करणार?" उत्तर द्यायच्या आधी ते थोडे घुटमळले. धंद्यातल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नव्हतं त्यांना. मग म्हणाले, "दिवस वाचवावे लागतेत ताई. पाणी मारायचे, कोटिंग वाळायचे." थोडक्यात, मी वरून जे ८,००० कापणार होते ते फरशीखालून गेले असते, आणि मला दिसलेही नसते.

म्हणून दोन दर आले की आकडे शेजारी ठेवू नका, कामाची यादी शेजारी ठेवा. कोटिंगचे हात किती? पाणी साठवायचं धरलंय का? टाइल वर कोण चढवणार? राडारोडा उचलणं त्यात आहे का? नळ बसवणं, भोकं पाडणं, शेवटची साफसफाई? साध्या वहीच्या पानावर लिहा, दोघांनी सही करा, आणि फोटो काढून दोघांच्या फोनवर ठेवा. स्टँप पेपरची गरज नाही.

पायरी ५: पैसे कमी करायचे तर मजुरी सोडून करा

बजेट खरंच कमी असेल तर तसं सरळ सांगा, "माझ्याकडे एवढेच आहेत, यात काय होईल?" चांगला कारागीर याचं उत्तर मनापासून देतो. टाइल छतापर्यंत न नेता सात फुटांपर्यंत न्या. भिंतीतला डायव्हर्टर सोडून साधा मिक्सर घ्या. कमोडची जागा बदलू नका, कारण मैलापाइप हलवला की तोडफोड वाढते. एकाऐवजी दोन्ही बाथरूम एकदम काढलीत तर टेंपो आणि चकरा वाचतात. मला या असल्या सूचनांतूनच भरपूर वाचवता आलं, आणि मजुरीला हात लागला नाही.

कमिशनचा विषय निघतोच. बऱ्याच दुकानांतून मिस्त्रीला मालावर काहीतरी मिळतं. हे कळलं की लोकांना फसवलं गेल्यासारखं वाटतं आणि प्रत्येक सल्ल्याचा संशय येतो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी बोला: "माल मी घेते, तुम्ही दुकानात बरोबर या. तुमचा अर्धा दिवस जाईल, त्याची हजेरी देते." मग तो टाइलच्या कडा सरळ आहेत का, दोन खोक्यांची छटा एक आहे का, हे तुमच्या बाजूने बघतो. स्वतः माल आणताना एक मात्र पाळा: तो वेळेवर आणा. टाइल आली नाही म्हणून दोघं दिवसभर बसून राहिले, तर तो खाडा त्यांच्या नावावर टाकू नका. त्या दिवसाची हजेरी तुमच्याकडे लागते.

पायरी ६: पैसे देण्याचं वेळापत्रक

मी असं देते: सुरुवातीला २० टक्के, पाणी साठवण्याची चाचणी पार पडली की ३०, टाइल पूर्ण झाल्यावर ३०, नळ-कमोड बसले की १५, आणि उरलेले ५ टक्के पंधरा दिवस वापरून झाल्यावर. हे शेवटचे ५ टक्के ओलीस ठेवण्यासाठी नसतात. पंधराव्या दिवशी काही अडचण नसेल तर आपणच फोन करून पाठवायचे. त्याला तीनदा आठवण करायला लावू नये.

दिवस बघून पैसे द्या. मिस्त्री बिगाऱ्याला बहुधा आठवड्याने पैसे देतो, आणि त्यावर त्या घरचा आठवड्याचा बाजार होतो. तुमचा हप्ता शनिवारी संध्याकाळी द्यायचा असेल आणि तुम्ही "सोमवारी बँकेतून काढते" म्हणालात, तर रविवारी एका घरात भाजी उधारीवर येते. मध्येच उचल मागितली तर शक्य तेवढी द्या आणि त्याच वहीत तारखेसह लिहा. लिहिण्यात अविश्वास नाही. दोन महिन्यांनी दोघांचीही आठवण सारखीच दगा देते.

आणि "जाता जाता" हा शब्द जपून वापरा. जाता जाता एवढा खिळा मारा, जाता जाता गॅलरीतली ही फरशी बघा, जाता जाता माझ्या सासूबाईंचा नळ. तीन जाता-जाता मिळून अर्धा दिवस होतो. सांगायला हरकत नाही, पण सांगतानाच विचारा, "याचे किती धरायचे?" बऱ्याचदा ते नको म्हणतील, तरी विचारा.

बांधकाम कामगारांसाठीच्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचं असं छोटं काम काढणाऱ्याला आस्थापना धरत नाहीत, त्यामुळे बाथरूमसाठी तुमच्यावर त्या नोंदणीचं ओझं येत नाही. पण राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात कामगाराला स्वतःची नोंद करायची असेल, तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या कामाच्या तारखा वहीत नीट असतील आणि त्याने कधी त्या मागितल्या, तर द्यायला दोन मिनिटं लागतात.

पायरी ७: काम चालू असताना घरात कसं वागायचं

बाथरूम फोडणाऱ्या माणसाला बाथरूम लागतं, हे कितीतरी घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही. पहिल्याच दिवशी सांगा: "हे टॉयलेट वापरा, हे पिण्याचं पाणी, डबा इथे बसून खा, पंखा लावा." आणि चहा घरच्याच कपात द्या. कामाला आलेल्यांसाठी कपाटाच्या खालच्या फळीवर वेगळा कान तुटलेला कप ठेवायची पद्धत अजून आहे, चांगल्या शिकलेल्या घरांत आहे, आणि समोरच्याला ती पहिल्या घोटातच कळते. अशा घरात कोण मनापासून सांगेल की तुमचा ढाळ चुकतोय?

टाइल कोरडी कापली की जो पांढरा धुरळा उडतो तो फुप्फुसात बसतो. पाणी मारत कापायला सांगा, मास्क आणि चष्मे तुम्ही आणून द्या. पहिल्या दिवशी ते खिशात राहतील. आपण स्वतः मास्क घालून आत गेलो की मग निघतात.

डोक्यावर उभं राहू नका. सकाळी काम सुरू होताना एकदा, संध्याकाळी एकदा, एवढं पुरतं. संध्याकाळच्या फेरीत बादलीभर पाणी ओतून ढाळ बघायचा असेल तर त्यांच्यासमोरच बघा. भिंती बंद व्हायच्या आधी पाइप आणि वायरींचे फोटो काढा, आणि फोटोत मोजपट्टी लावलेली असू द्या. पुढे टॉवेलचा रॉड बसवताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

पायरी ८: चुकलं तर

आधी त्यालाच फोन करा, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी. बोलावून जागा दाखवा आणि विचारा, "हे कशामुळे झालं असेल?" चूक हाताची असेल तर मजुरी त्याची, मालाची असेल तर दुकानदाराकडे दोघांनी मिळून जायचं, आणि सांगूनही आपण ऐकलं नसेल, तर सगळं आपलं.

आमची तिसऱ्या प्रकारातली. मी मिस्त्रींना फोन केला, ते आले, पट्ट्याकडे बघितलं. "सांगितलं होतं ना" हे तीन शब्द ते म्हणाले नाहीत, हे मी विसरणार नाही. टाइल फोडताना खालच्या कोटिंगला धक्का लागतो, म्हणून पुन्हा कोटिंग, पुन्हा तीन दिवस पाणी, मग एक बाय एकची टाइल. पाच दिवसांचं काम निघालं. ते म्हणाले, "बिगाऱ्याचे साडेतीन हजार द्या, माझं राहू द्या." मी दोघांचे मिळून ९,००० दिले. पैसे पाठवताना लक्षात आलं, त्या कॅलेंडरच्या पानावर मी वाचवायला निघाले होते त्याहून हे हजाराने जास्त झाले होते.

नंबर दुसऱ्या कुणाला देताना दरही खरा सांगा. "मला स्वस्तात करून दिलं हो" असं सांगून आपण त्या माणसाच्या पुढच्या कामाची घासाघीस आधीच सुरू करून देतो. गेल्या महिन्यात भाचीने नंबर मागितला. तिने फोन केला तर मिस्त्री म्हणाले, तीन आठवडे मोकळा नाही. ती मला विचारत होती, तोवर दुसरा कोणी बघू का? मी म्हटलं, थांब. आणि ते घर बघून जाईपर्यंत टाइलच्या दुकानात पाऊल टाकू नकोस.